बांधीत पाणी, बँकेत जोखीम

‘सस्टेनेबल फायनान्स’, ‘क्लायमेट रिस्क’ हे शब्द कॉलेजात तुमच्या कानावर पडले असतील. ऐकून वाटतं, हे मोठ्या कंपन्यांचं आणि शेअर बाजाराचं काम, आपला काय संबंध? पण हा विषय समजून घ्यायचा तर दलाल स्ट्रीटपेक्षा भंडारा जिल्ह्यातलं आंधळगाव जास्त उपयोगी आहे. मोहाडी तालुक्यातलं, धानाचं आणि कोसा विणणाऱ्या हातमागांचं हे गाव.

कर्ज कसं बुडतं?

जून उजाडला की पऱ्हे, रोवणीची मजुरी, खत या सगळ्याला पैसा लागतो. तो बहुतेक घरांत पीककर्जातून येतो. राज्यात तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर पंजाबराव देशमुख योजनेमुळे व्याज शून्य पडतं. यातला ‘मुदतीत’ हा शब्द महत्त्वाचा. निसवलेलं धान पाण्याखाली गेलं की मुदत चुकते आणि सवलतही जाते. सरकारनं आपत्ती जाहीर केली तर कर्जाचं पुनर्गठन होऊ शकतं. तसं झालं नाही आणि दोन हंगाम थकले, की ते कर्ज बँकेच्या वहीत एनपीए होतं. पुढचं कर्ज अडतं आणि माणूस सावकाराकडे वळतो.

ऑगस्ट 2020 च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या पावसानं आणि धरणांतून सोडलेल्या पाण्यानं वैनगंगेला महापूर आला. भंडारा शहरासह नदीकाठची गावं, बांध्या पाण्यात गेल्या. असं पाणी घरात, शेतात शिरतं तेव्हा ते कर्जाच्या खात्यातही शिरतं. अर्थशास्त्राच्या भाषेत ही ‘भौतिक जोखीम’.

दुसरी असते ‘संक्रमण जोखीम’. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याला 3300 मेगावॉटचा कोळशावरचा वीज प्रकल्प आहे. उद्या जग कोळशापासून दूर गेलं, तर अशा प्रकल्पांना दिलेल्या कर्जाचं काय आणि तिथल्या नोकऱ्यांचं काय, हा तो प्रश्न.

विमा आहे ना!

आहे. पंतप्रधान पीक विमा योजना 2016 च्या खरिपापासून सुरू आहे. खरिपातल्या धानासाठी शेतकऱ्याचा हिस्सा विमा रकमेच्या 2 टक्के. महाराष्ट्रात 2023 पासून तो एक रुपयावर आला होता. 2025 च्या खरिपापासून पुन्हा 2 टक्के झाला.

पण भरपाई मोजतात कशी? मुख्य आधार म्हणजे महसूल मंडळात होणारे पीक कापणी प्रयोग. मंडळाची सरासरी उंबरठा उत्पादनाच्या खाली गेली तरच पैसे. म्हणजे तुमच्या काकांची खोलगट बांधी आठ दिवस पाण्यात राहिली आणि बाकीच्या मंडळात धान बरं पिकलं, तर काकांच्या हाती काहीच नाही.

अशा वैयक्तिक नुकसानीसाठी ‘स्थानिक आपत्ती’ हे कलम असतं. पण शेतात पाणी साचून होणारं धानाचं नुकसान 2018 मध्ये त्यातून काढून टाकलं गेलं. ज्या पिकाला पाण्याचाच धोका, त्याच्याच विम्यातून पाणी वजा! नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्रानं ते 2026 च्या खरिपापासून परत आणण्याचं जाहीर केलं. सोबत रानडुकरांसारख्या वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसानही. मधली सात-आठ वर्षं ही जोखीम विमा कंपनीकडे नव्हती. ती शेतकऱ्याच्या घरात होती.

हीच या विषयाची किल्ली. जोखीम कागदावरून काढली म्हणून संपत नाही. ती फक्त दुसऱ्याच्या डोक्यावर जाते.

वरच्या मजल्यावर काय चाललंय?

2015 मध्ये बँक ऑफ इंग्लंडचे तेव्हाचे गव्हर्नर मार्क कार्नी यांनी लंडनमध्ये एक भाषण केलं. मुद्दा असा, की हवामान बदलाचा मोठा फटका बसेल तेव्हा आज निर्णय घेणारे खुर्चीत नसतील. त्यानंतर जगभरच्या मध्यवर्ती बँका जाग्या झाल्या. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी 2024 मध्ये एक मसुदा काढला: बँकांनी आपल्यावरची हवामान जोखीम जाहीर करावी. चांगलंच आहे. पण त्या मसुद्याच्या यादीत व्यापारी बँका, मोठ्या नागरी सहकारी बँका, मोठ्या वित्त कंपन्या आहेत. प्रादेशिक ग्रामीण बँका वगळल्या आहेत आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही नाहीत. म्हणजे बांधीच्या सगळ्यात जवळ असलेल्या बँकाच या हिशेबाबाहेर.

पैशाचंही तेच. पिंपरी-चिंचवड महापालिकेनं 2025 मध्ये ग्रीन बाँडमधून 200 कोटी उभे केले. महापालिकेला कराचं उत्पन्न आहे, पतमानांकन आहे, म्हणून गुंतवणूकदार येतो. आंधळगावच्या ग्रामपंचायतीला बाँड कोण देणार? आणि हवामानाशी जुळवून घ्यायचं खरं काम तर इथे आहे. भंडारा-गोंदियातले माजी मालगुजारी तलाव, आपले ‘मामा तलाव’, गाळानं भरलेत. गाळ काढला तर पावसाचं पाणी अडतं आणि उघडीप पडली की तेच धानाला मिळतं. यातून व्याज मिळत नाही, पण कर्ज बुडायचं वाचतं. असं वाचलेलं कर्ज मोजायची पद्धत आपल्याकडे अजून रुळलेली नाही. कॉमर्स, संख्याशास्त्र, कृषी शिकणाऱ्यांनो, इथे काम आहे!

तुम्ही आज काय कराल?

घरच्या पीक विम्याची पावती काढा. गट नंबर, पीक, क्षेत्र बरोबर आहे का बघा. यंदाच्या राज्याच्या अधिसूचनेत स्थानिक आपत्तीचं कलम आहे का, त्यात पाणी साचणं धरलंय का, हे तालुका कृषी कार्यालयात विचारा. कलम असेल तर नुकसानीची सूचना 72 तासांत द्यावी लागते. ॲपवरून फोटो टाकायचं काम घरात तुम्हालाच जमणार आहे. आणि ग्रामसभेला जा, मामा तलावाचा गाळ आराखड्यात आहे का ते विचारा.

ज्या वीस वर्षांची चिंता रिझर्व्ह बँक आज करतेय, ती तुमच्या नोकरीची, कर्जाची, संसाराची वीस वर्षं आहेत. हिशेब तुम्हीच मागायला हवा.