गाडीचं वय आणि धुराचा हिशेब

पुण्यात बाईमाणसाला ‘तू कशी येणार?’ असं फारसं कुणी विचारत नाही. ती तिच्या गाडीवरून येणार हे गृहीतच असतं. आणि गाडी म्हणजे अर्थातच दुचाकी! १९७२ मध्ये कायनेटिकची लुना आली. आकुर्डीच्या कारखान्यातली बजाज चेतकही त्याच सुमाराची, पण ती घरातल्या पुरुषांची. किक मारा, डाव्या हाताने गिअर टाका... बायकांचं खरं फावलं ते ऐंशीच्या दशकात कायनेटिक होंडा आल्यावर. बटण दाबलं की सुरू, गिअरची भानगड नाही आणि साडी नेसूनही चालवता येते. मग सनी आली, स्कूटी आली, २००१ मध्ये अॅक्टिव्हा आली. नोकरी, मुलांची शाळा, सासूबाईंचा दवाखाना, मंडईतली भाजी... आपल्यापैकी कितीजणींचा संसार या दोन चाकांवर चालला असेल, सांगा बरं!

म्हणूनच सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असलेली जुनी गाडी म्हणजे भंगार नव्हे. पण कायद्याच्या लेखी तिचं वय पंधरा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासून घेऊन दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायचं. २०१० मध्ये महाराष्ट्र सरकारने यात भर घातली ती पर्यावरण कराची. पंधरा वर्षांपेक्षा जुन्या दुचाकीला पाच वर्षांसाठी २,००० रुपये, पेट्रोल कारला ३,००० आणि डिझेल कारला ३,५०० असे त्या वेळचे दर. त्यात १ एप्रिल २०२२ पासून केंद्र सरकारने दुचाकीच्या नूतनीकरणाचं शुल्क ३०० वरून एकदम १,००० रुपये केलं. उशीर झाला, तर दर महिन्याला ३०० रुपये आणखी. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या दुचाकीसाठी हेच शुल्क २,००० झालं.

हे आकडे मला तोंडपाठ झाले ते आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींमुळे. मावशी राहतात शिवण्याला. सकाळी सहाला निघतात. आधी कर्वेनगर, मग डहाणूकर कॉलनी, मग मयूर कॉलनी आणि शेवटी एरंडवण्यात आमचं घर. चार घरांच्या पोळ्या करून बाराच्या आत परत. हे सगळं २००७ च्या स्कूटी पेप प्लसवर. गाडी नवऱ्याने हप्त्यांवर घेतलेली. तो गेला, हप्ते मावशींनी फेडले, पण कागदावर नाव त्याचंच राहिलं.

२०२२ च्या पावसाळ्यात नोंदणीची मुदत संपली. एका चौकात पोलिसांनी कागद बघितले, तेव्हा हे उघडकीला आलं. त्या दिवशी मावशी आल्या त्या रडवेल्या होऊनच. ‘‘ताई, गाडी जुनी झाली हा काय माझा गुन्हा आहे का? आठ हजाराला पण कुणी घेणार नाही तिला. आणि सरकारला मी किती द्यायचे?’’

आम्ही दोघी कागद-पेन घेऊन बसलो. नूतनीकरण १,०००, पर्यावरण कर २,०००, उशिराचे तीन महिन्यांचे ९००. म्हणजे ३,९०० झालेच. शिवाय टायर गुळगुळीत झालेले, ते बदलल्याशिवाय तपासणीला नेण्यात अर्थ नव्हता. या सगळ्याच्या आधी नाव बदलायचं. त्यासाठी मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि मुलांच्या सह्या. थोरला मुलगा कामाला चाकणला. त्याची सही आणायची म्हणजे त्याची एक दिवसाची रजा. आणि प्रत्येक खेपेला मावशींच्या चारही घरच्या पोळ्या बुडणार!

मी म्हटलं, ‘‘मावशी, बसने नाही का जमणार?’’

‘‘कशी जमंल ताई? एका घरातून दुसऱ्या घरात जायला मला दहा मिनिटं असतात. बस काय माझ्यासाठी थांबते होय?’’

बोलणंच खुंटलं. वनाझपासून मेट्रो धावायला लागली ती त्याच वर्षी मार्चमध्ये. पण शिवणे-कर्वेनगर-डहाणूकर अशी ती थोडीच जाते!

आता दुसरी बाजूही बघायला हवी. माझी आई कर्वे रस्त्यालगत पहिल्या मजल्यावर राहते. तिला दमा आहे. संध्याकाळी तिच्या गॅलरीत उभं राहवत नाही. सिग्नलला आपण दुचाकीवाल्या बायका उभ्या असतो, समोरच्या गाडीचा धूर थेट तोंडावर येतो. तोंडाला बांधलेल्या स्कार्फने धूळ थोडी अडते, विषारी वायू अडत नाहीत. आणि जुन्या गाड्या जास्त धूर सोडतात हेही खरंच. टू-स्ट्रोक इंजिनात ताजं पेट्रोल आत येतं त्याच वेळी जळालेला वायू बाहेर जात असतो. जणू पुढचं आणि मागचं दार एकदमच उघडं! त्यामुळे न जळलेलं पेट्रोल आणि त्यात मिसळलेलं ऑइल तसंच बाहेर पडतं. पुढे फोर-स्ट्रोक गाड्या आल्या आणि नियमही कडक होत गेले. ‘भारत स्टेज’ दोन २००५ मध्ये, तीन २०१० मध्ये, चार २०१७ मध्ये आणि सहा २०२० मध्ये. तेव्हा जुन्या गाडीला थोडा कर लावला, तर त्यात गैर काय, असं आईच्या गॅलरीत उभं राहिल्यावर मलाही वाटतं.

माझा प्रश्न वेगळाच आहे. हा कर मोजतो काय? तर गाडीचं वय. धूर नाही! मावशींची स्कूटी फोर-स्ट्रोक. त्या ती वेळच्या वेळी सर्व्हिसिंगला देतात. शेजारच्या बंगल्यातल्या काकांची टू-स्ट्रोक स्कूटर सुरू झाली की गल्ली निळी होते. पण पर्यावरण कर दोघांना सारखाच. रोज चाळीस किलोमीटर पळणारी गाडी आणि फक्त रविवारी मंडईत जाणारी गाडी, त्यांनाही सारखाच.

लंडनमध्येही असा आकार आहे. ८ एप्रिल २०१९ पासून तिथे मध्यवर्ती भागात जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना पैसे भरावे लागू लागले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ही हद्द लंडनच्या सगळ्या उपनगरांपर्यंत गेली. मोटारसायकललाही दिवसाला साडेबारा पौंड. आपल्या मानाने भयंकरच! पण तिथे गाडी ‘युरो ३’ या मानकात बसते का, हे बघतात. साधारण जुलै २००७ नंतरच्या मोटारसायकली त्यात बसतात. मानकात बसलात तर एक पैसाही नाही. नाही बसलात, तरी गाडी बाहेर काढाल त्याच दिवसाचे पैसे. जुनी मोटारसायकल मोडीत काढणाऱ्यांसाठी १,००० पौंडांच्या अनुदानाची योजनाही होती. तरी तिथे लोकांनी आरडाओरडा केलाच. दिल्लीत तर १ जुलै २०२५ पासून पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना पेट्रोलच द्यायचं नाही असं ठरलं. लोक इतके चिडले, की काही दिवसांतच तो निर्णय पुढे ढकलावा लागला.

गंमत म्हणजे धूर मोजायचं यंत्र आपल्याकडे कोपऱ्याकोपऱ्यावर आहे. ‘पीयूसी’! जुन्या गाडीला दर सहा महिन्यांनी ती लागतेच. मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्क्यांपर्यंत चालतो, त्यानंतरच्या गाड्यांना मर्यादा साडेतीनची आणि अलीकडच्यांना त्याहून कडक. म्हणजे प्रत्येक गाडीचा आकडा सहा महिन्यांनी कागदावर येतो. मग कर त्या आकड्यावर का नको? स्वच्छ गाडीला कमी, धुरकट गाडीला जास्त. अट एकच, तपासणी खरी व्हायला हवी. नळीत कांडी न घालताच प्रमाणपत्र हातात देणारेही आपण पाहिलेत. आणि हा पैसा जमा होतो, त्यातला काही मावशींसारखीला इलेक्ट्रिक गाडी घ्यायला दिला तर? लाखाच्या घरातली गाडी ती एकरकमी कुठून घेणार?

ते होईल तेव्हा होईल. तोवर मैत्रिणींनो, आपल्या हातातल्या गोष्टी करून टाका. आजच आरसी काढून मुदतीची तारीख बघा. मुदत संपायच्या आधी साठ दिवसांपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. घरातली गाडी गेलेल्या माणसाच्या नावावर असेल, तर तीस दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत नाव बदलून घ्यायचं असा नियम आहे. दुःखात हे सुचत नाही, म्हणून जवळच्या कुणीतरी आठवण करावी. गाडी विकलीत तर नाव बदललं का, याचा पाठपुरावा करा. नाहीतर दंडाच्या पावत्या तुमच्या नावाने येत राहतील. एअर फिल्टर आणि प्लग वेळेवर साफ करून घ्या, कार्बोरेटर असेल तर तोही. धूर कमी होतो आणि पेट्रोलही वाचतं.

मावशींच्या गाडीवर आता त्यांचं स्वतःचं नाव आहे. पैसे आम्ही चार घरांनी मिळून उचल म्हणून दिले, ते त्यांनी आठ महिन्यांत फेडलेही. नोंदणी २०२७ पर्यंतची आहे. तेव्हा गाडी वीस वर्षांची होईल आणि शुल्काचा आकडा दुप्पट. मावशींनी आत्तापासूनच भिशी लावली आहे. परवा पोळी लाटता लाटता विचारत होत्या, ‘‘ताई, ती लाइटवरची गाडी शिवण्याच्या चढाला ओढंल ना हो?’’