'कारणे दाखवा' नोटीस आणि आपला हक्क

सरकारी कचेरीतून कागद आला की आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांमध्ये दोन तऱ्हा दिसतात. काही जण कागद न वाचताच हिशेबनिसाकडे पाठवून मोकळे होतात. काही जण ओळखीचा माणूस धरतात, साहेबांना भेटून येतात आणि "बात हो गई है" म्हणून निश्चिंत होतात. मग महिनाभरात हुकूम येतो. साहेबांशी झालेल्या बोलण्याचा फायलीत मागमूस नसतो. फायलीत एकच ओळ असते : मुदतीत उत्तर प्राप्त झाले नाही.

'कारणे दाखवा' या शब्दांनी पुष्कळांना धाक बसतो. वास्तविक ही नोटीस म्हणजे शिक्षा नव्हे. तुमच्याविरुद्ध अमुक करण्याचे घाटत आहे, ते का करू नये ते सांगा, एवढाच तिचा अर्थ. ज्याचे नुकसान होणार त्याला आधी कळवावे, त्याचे ऐकून घ्यावे आणि निर्णयाची कारणे द्यावीत, हा नैसर्गिक न्यायाचा नियम आहे. अधिकारी मेहेरबानी म्हणून नोटीस देत नाही. बहुतेक ठिकाणी ती दिल्याशिवाय त्याचा हुकूम टिकतच नाही.

हुकुमाची किंमत त्यात लिहिलेल्या मजकुरावरून ठरते, हे तत्त्व आपल्या मुंबईच्याच एका खटल्यात पक्के झाले. गोरधनदास भानजी यांना अंधेरीत सिनेमागृह बांधायचे होते. जुलै १९४७ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी त्यांना परवानगी दिली. सप्टेंबरमध्ये आयुक्तांच्याच सहीचे दुसरे पत्र आले. मजकूर साधारण असा, की आपणास दिलेली परवानगी रद्द करण्यात येत आहे असे कळविण्याचे सरकारचे निर्देश आहेत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि नोव्हेंबर १९५१ मध्ये निकाल लागला. नियमाप्रमाणे परवानगी रद्द करण्याचा अधिकार आयुक्तांचा होता, सरकारचा नव्हता. पत्रावरून तर दिसत होते की निर्णय सरकारचा आहे आणि आयुक्त फक्त निरोप्या आहेत. निर्णय आमचा स्वतःचाच होता, असे आयुक्तांतर्फे नंतर सांगण्यात आले. न्यायमूर्ती विवियन बोस यांनी ते मानले नाही. जाहीर हुकुमाचा अर्थ त्यातल्या शब्दांवरूनच लावायचा. आपल्या मनात काय होते हे अधिकाऱ्याने मागाहून सांगून चालणार नाही, असे त्यांनी ठरविले. पुढे १९७७ साली मोहिंदरसिंग गिल यांच्या निवडणूक प्रकरणात घटनापीठाने हाच नियम पुन्हा सांगितला.

सत्तर वर्षांपूर्वीच्या सिनेमागृहाशी आमच्या सूत-कापडाचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध जीएसटीत रोज दिसतो.

सलग सहा महिने विवरणपत्र भरले नाही (तिमाही भरणाऱ्यांनी सलग दोन तिमाही) तर नोंदणी रद्द करण्याची कारवाई सुरू होऊ शकते. यंत्रमागवाल्याच्या किंवा छोट्या कापडवाल्याच्या दृष्टीने याचा अर्थ धंदा थांबणे असा आहे. नोंदणी नाही म्हणजे कराचे बिल फाडता येत नाही, समोरच्या व्यापाऱ्याला कराची वजावट मिळत नाही, आणि वजावट नाही तर तो तुमचा माल कशाला उचलील? वर्षानुवर्षांचे गिऱ्हाईक एका आठवड्यात दुसऱ्या दारी जाते.

मात्र कायद्याच्या कलम २९ मध्येच लिहिले आहे की म्हणणे ऐकण्याची संधी दिल्याशिवाय अधिकाऱ्याने नोंदणी रद्द करू नये. नोटीस आरईजी-१७ या नमुन्यात येते. उत्तर आरईजी-१८ मध्ये, कामकाजाच्या सात दिवसांच्या आत द्यावयाचे असते. कारण केवळ विवरणपत्राचे असेल तर राहिलेली सगळी पत्रे भरून कर, व्याज व विलंब शुल्क चुकते केले की कारवाई तिथेच थांबते. सात दिवस फार कमी आहेत, हे आमचेही मत आहे. शिवाय नोटीस येते ती पोर्टलवर, आणि नोंदणीच्या वेळी मोबाईल नंबर व ई-मेल हिशेबनिसाचा दिलेला असतो. त्याच्याकडे शंभर अशील; तो पाहील तेव्हा पाहील. आधी तो नंबर बदलून आपला किंवा घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीचा करून घ्या.

रद्दीचा हुकूम आरईजी-१९ मध्ये येतो. तो शेवटपर्यंत वाचा, वाचता येत नसेल तर वाचवून घ्या. आमच्यासारख्या उर्दू शाळेतून आलेल्यांना इंग्रजी कागद जड जातो, पण याच कागदात आपला बचाव दडलेला असतो. काही हुकूम असे निघाले आहेत की पहिल्या ओळीत 'आपल्या उत्तराच्या संदर्भात' आणि खालच्या ओळीत 'आपण उत्तर दिलेले नाही'. काहींत कारणच नाही. असे हुकूम उच्च न्यायालयांनी रद्द केलेले आहेत. कारण न लिहिलेला हुकूम वकिलाकरवी मागाहून सजविता येत नाही. अंधेरीच्या खटल्याचा उपयोग तो हाच.

कर मागणीच्या नोटिशीबाबत कलम ७५ पाठ करून ठेवावे असे आहे. लेखी मागितल्यास, किंवा निर्णय तुमच्या विरुद्ध जाणार असल्यास, प्रत्यक्ष सुनावणी द्यावीच लागते. हुकुमात हकीकत व निर्णयाचा आधार लिहावा लागतो. आणि नोटिशीत जी रक्कम व जे कारण नाही ते हुकुमात घालता येत नाही. उत्तराच्या डीआरसी-०६ या नमुन्यात प्रत्यक्ष सुनावणी हवी की नको, असा रकाना असतो. घाईत तिथे 'नको' अशी खूण करू नका. तशी खूण केली असली तरी प्रतिकूल निर्णयापूर्वी सुनावणी आवश्यक आहे, असे अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२३ साली मोहिनी ट्रेडर्सच्या प्रकरणात म्हटले आहे. पण त्यासाठी अलाहाबादच्या निकालाचा आधार शोधत बसण्यापेक्षा आपण 'हवी' लिहिलेले बरे.

मुदतीही सांगून ठेवतो. रद्द झालेली नोंदणी पुन्हा चालू करण्याचा अर्ज हुकूम मिळाल्यापासून नव्वद दिवसांत करता येतो; पुढे आयुक्तांच्या परवानगीने आणखी एकशे ऐंशी दिवसांपर्यंत. अपील तीन महिन्यांत, आणि सबळ कारण असल्यास वर एक महिना. मागणीविरुद्ध अपील असेल तर वादातील कराचे दहा टक्के आधी भरावे लागतात.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सुनावणी झाली नाही म्हणून हुकूम रद्द झाला, तर कर माफ होत नाही. प्रकरण बहुधा त्याच कचेरीत नव्याने ऐकायला परत जाते. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात मुंबईच्या फुटपाथवासीयांबाबत असेच काहीसे घडले. पोटापाण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि महापालिकेच्या कायद्यात विनानोटीस हटविण्याची मुभा असली तरी साधारणपणे नोटीस दिलीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. तरी फुटपाथवरून हटविण्यास मनाई केली नाही. पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, सवड दिली. तत्त्व जिंकले, जागा गेली. तेव्हा खरोखर देणे असेल तर ते भरून मोकळे होण्यातच शहाणपण आहे.

हातगाडीवर तयार कपडे विकणाऱ्या भावांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. हलवायचे किंवा हटवायचे झाल्यास तीस दिवसांची नोटीस हवी. माल जप्त केला तर जागच्या जागी सहीची यादी मागून घ्या. कपडा नाशवंत माल नसल्याने, मागणी करून शुल्क भरल्यावर दोन कामकाजी दिवसांत तो परत मिळाला पाहिजे. यादीच नसेल तर दहा नगांचे सहा कसे झाले, हे कोणाला विचारणार?

कचेरीत कागद द्याल तेव्हा आवक शाखेचा शिक्का, तारीख आणि सही आपल्या प्रतीवर घ्या. पोर्टलवर उत्तर दिल्यास पोचक्रमांक छापून ठेवा. हुकुमामागे खरा निर्णय कोणी घेतला असा संशय असेल तर माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून फायलीतील टिपणीची प्रत मागता येते. उत्तर तीस दिवसांत यावे लागते. न आल्यास त्याच खात्यातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिले अपील करा, त्याला फी लागली तरी ती किरकोळ असते. अर्जात 'माझे प्रकरण' असे मोघम न लिहिता हुकुमाचा क्रमांक आणि तारीख घाला, नाहीतर कोणती माहिती हवी ते स्पष्ट नाही असे उत्तर येते आणि महिना फुकट जातो.