अरबीची पदवी : मुलं नक्की काय शिकतात?



मूल ए-लेव्हलला पोचलं की आपल्या घरांत ठरावीक चार-पाच विषयांचीच चर्चा होते. मेडिसिन, इंजिनियरिंग, कॉम्प्युटर, अकाउंट्स, फार तर लॉ. त्यात एखाद्या मुलीने "मला युनिव्हर्सिटीत अरबी घ्यायचंय" असं सांगितलं तर आई-बाबांच्या मनात लगेच तीन प्रश्न येतात. ह्यात चार वर्षं शिकण्यासारखं आहे तरी काय? पुढे पोटापाण्याचं काय? आणि आपला त्या भाषेशी संबंध काय? माझी भाची सध्या इथे अरबीचीच पदवी करते आहे. मी स्वतः इंजिनियर, रोजचं काम सॉफ्टवेअरचं. पण तिच्या पुस्तकांत डोकं घालता घालता मलाही गोडी लागली. म्हणून ह्या तीन प्रश्नांबद्दल थोडं सविस्तर लिहितो आहे.

विषय नवा नाही

इंग्लंडमध्ये अरबी शिकवायला सुरुवात झाली ती काही आखातात तेल सापडल्यावर नाही. केंब्रिजला अरबीचं अध्यासन १६३२ मध्ये आणि ऑक्सफर्डला १६३६ मध्ये स्थापन झालं. म्हणजे शिवाजी महाराजांचा जन्म झाला त्याच दशकात! ऑक्सफर्डचे पहिले प्राध्यापक एडवर्ड पोकॉक त्याआधी सीरियातल्या अलेप्पो शहरात इंग्रज व्यापाऱ्यांचे धर्मगुरू म्हणून राहून, तिथे अरबी शिकून आले होते. "भाषा शिकायची तर तिथे जाऊन राहा" हा नियम तेव्हापासूनचा आहे. लंडनच्या सोआसमध्ये १९१७ पासून वर्ग भरतात. एक्सेटर, लीड्स, मँचेस्टर, एडिंबरा इथेही अरबी शिकता येतं.

चार वर्षांचं गणित

कोर्स साधारण चार वर्षांचा असतो आणि त्यातलं एक वर्ष अरब देशात काढायचं असतं. बहुतेक ठिकाणी आधी अरबी यायची अट नसते, पहिल्या आठवड्यात 'अलिफ'पासूनच सुरुवात होते. पण वेग भयंकर! अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवतं, त्यांचा हिशोब असा आहे : इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला हिंदी कामापुरती यायला वर्गातले ४४ आठवडे, म्हणजे सुमारे ११०० तास लागतात. अरबीला ८८ आठवडे आणि २२०० तास, म्हणजे बरोबर दुप्पट. "भाषा काय, सोपी डिग्री" असं कोणी म्हणालं तर हे आकडे सांगावेत.

कठीण काय आहे? अक्षरं अठ्ठावीसच, ती पंधरा दिवसांत येतात. खरी मेख अशी की ऱ्हस्व स्वर लिहीतच नाहीत. कागदावर नुसतं 'क-त-ब' दिसतं. ते 'कतब' (त्याने लिहिलं), 'कुतिब' (लिहिलं गेलं) की 'कुतुब' (पुस्तकं), हे वाक्य समजल्यावरच कळतं. इतर भाषांत आधी वाचतात आणि मग समजतात, इथे आधी समजावं लागतं आणि मग वाचता येतं. ज्यांच्या आजोबांनी मोडी वाचली असेल त्यांना ही गंमत थोडीफार कळेल, कारण मोडीतही ऱ्हस्व-दीर्घाचा भेद संदर्भावर सोडलेला असे. शाळेत संस्कृत केलेल्यांना आणखी एक जुना मित्र भेटेल : अरबीत द्विवचन आहे!

तीन अक्षरांचा धातू

आता माझा आवडता भाग. अरबीतले बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूपासून बनतात. धातू म्हणजे डेटा, आणि त्यावर चालणारे ठरलेले साचे म्हणजे फंक्शन्स. साचा बदलला की अर्थ ठरलेल्या दिशेने बदलतो. 'अ-ल-म' म्हणजे जाणणे. 'अलिम' त्याने जाणलं, 'अल्लम' त्याने शिकवलं, 'तअल्लम' तो शिकला, 'इस्तअलम' त्याने चौकशी केली. जुने शब्दकोशही धातूप्रमाणेच लावलेले असतात, त्यामुळे धातू ओळखल्याशिवाय शब्द सापडतच नाही.

ह्याच धातूपासून शिकवणे ह्या अर्थाचा 'तअलीम' हा शब्द होतो. फारसीमार्गे तो आपल्याकडे आला आणि तालीम झाला. कोल्हापूरच्या पैलवानांची तालीम आणि आपल्या मंडळाच्या नाटकाची तालीम, दोन्ही त्याच घरच्या. 'क-व-म' म्हणजे उभे राहणे. त्यातून आपले कायम, मुक्काम आणि किंमत हे तिन्ही शब्द आले. 'अ-म-ल' म्हणजे काम करणे. त्यातून अंमल आणि मामला हे शब्द आले आणि त्यांना फारसी 'दार' जोडून अंमलदार आणि मामलेदार झाले. भाचीचा मध्येच फोन येतो, "मामा, मामलेदार म्हणजे नक्की कोण?" इथे वाढलेल्या मुलीला हा प्रश्न अरबीच्या अभ्यासामुळे पडतो, हे मला फार आवडतं.

काही शब्दांनी वाटेत अर्थ बदलले. आपण तारीख म्हणतो ती दिवसाची, अरबीत 'तारीख' म्हणजे इतिहाससुद्धा. आपला गरीब म्हणजे पैसा नसलेला, अरबीत 'गरीब' म्हणजे परका. त्याच धातूतून पश्चिम दिशेला 'गर्ब' म्हणतात आणि घरापासून दूर, परक्या मुलुखात राहण्याला 'गुर्बा'. आपण मराठी माणसं पश्चिमेला येऊन जे अनुभवतो त्याला अरबीत एक अख्खा शब्द तयार आहे.

लिहायची एक, बोलायची दुसरी

वर्गात शिकवतात ती 'फुसहा', म्हणजे ग्रंथांची, वर्तमानपत्रांची, भाषणांची प्रमाण अरबी. पण ती घरात कोणीच बोलत नाही. घरची भाषा म्हणजे बोली, आणि ती प्रत्येक देशाची वेगळी. "तुला काय हवंय?" हे पुस्तकात 'माझा तुरीद?', कैरोत 'आयिझ एह?', दमास्कसमध्ये 'शू बद्दक?' आणि मोरोक्कोत 'श्नू बगीती?' प्रमाण मराठी आणि मालवणी किंवा अहिराणी ह्यांत असतो त्यापेक्षा हा फरक पुष्कळच मोठा. म्हणून विद्यार्थ्याला खरं तर दोन भाषा शिकाव्या लागतात, आणि दुसरी शिकण्यासाठीच ते परदेशातलं वर्ष असतं. २०११ पूर्वी ह्यासाठी दमास्कस सगळ्यांचं आवडतं होतं. त्या वर्षी सीरियात संघर्ष पेटला आणि तो रस्ता बंद झाला. त्यानंतर अम्मान आणि मोरोक्कोतल्या शहरांकडे जास्त मुलं जाऊ लागली.

साहित्य कोणाचं?

"अरबी म्हणजे एका धर्माची भाषा" अशी आपल्याकडे समजूत आहे. कुराण आणि त्याची भाषा अभ्यासात असतेच, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पण मायमोनिडीज ह्या ज्यू तत्त्ववेत्त्याने बाराव्या शतकात आपला मुख्य तत्त्वज्ञानाचा ग्रंथ अरबीतच लिहिला, आणि खलील जिब्रान ख्रिस्ती होता. हा जिब्रान आपल्यासारखाच स्थलांतरित. त्याने आणि इतर अरबी लेखकांनी १९२० मध्ये न्यूयॉर्कमध्ये लेखकांचं मंडळ उभं केलं, 'अर-राबिता अल-कलमिया'. नव्या अरबी कवितेला वळण लागलं ते परदेशातल्या ह्या मंडळामुळे. आपल्या मंडळांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे ही!

मुलं इस्लामपूर्व काळातल्या वाळवंटी कवितांपासून नगीब महफूझपर्यंत (नोबेल १९८८) सगळं वाचतात. सुदानचा तय्यिब सालिह लंडनला शिकला, बीबीसीच्या अरबी सेवेत होता. युरोपात शिकून नाईलकाठच्या आपल्या गावी परतलेल्या माणसाची त्याची कादंबरी १९६६ ची आहे, पण परतलेल्या कोणालाही आजही ओळखीची वाटेल. ओमानच्या जोखा अल्हार्थी ह्यांच्या कादंबरीला २०१९ मध्ये मॅन बुकर इंटरनॅशनल मिळालं. त्यांनी अभिजात अरबी साहित्यात पीएचडी केली ती एडिंबराला.

आणि आपला संबंध? आपल्या पंचतंत्रातले करटक आणि दमनक आठव्या शतकात अरबीत 'कलीला आणि दिम्ना' झाले आणि तिथून युरोपात गेले. वेरूळचं कैलास लेणं ज्या राष्ट्रकूटांच्या काळात कोरलं गेलं, त्यांच्या राजांचं वर्णन ८५१ मधल्या अरबी प्रवासवृत्तात 'बल्हरा' ह्या नावाने आहे. अल-मसूदी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या चौलला येऊन गेला आणि त्याबद्दल लिहून गेला. महाराष्ट्राच्या इतिहासाची ही साधनं मुळातून वाचायची तर अरबीच हवी. आम्हा आयटीवाल्यांचा 'अल्गोरिदम' हा शब्दही अल-ख्वारिझ्मी ह्या नावावरूनच आला, आणि ह्या गणितज्ञाने लिहिलं होतं ते भारतीय अंकांवर.

पोटापाण्याचं काय?

इथे गोड बोलण्यात अर्थ नाही. ही पदवी हातात पडली म्हणजे नोकरी ठरली असं होत नाही. दुबई-दोह्याच्या ऑफिसांत इंग्रजीवर काम भागतं. नोकऱ्या जगातल्या घडामोडींप्रमाणे बदलतात. बीबीसीची अरबी रेडिओ सेवा १९३८ पासून चालू होती, ती जानेवारी २०२३ मध्ये बंद झाली. साधा मजकूर आता मशीन भाषांतर करून देतं.

पण दुसरी बाजूही आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांत अरबी आहे. परराष्ट्र खातं, मदतसंस्था, पत्रकारिता, लवादाची कामं, संग्रहालयं इथे ही भाषा जाणणारी माणसं लागतात. निर्वासिताची जबानी घेताना त्याची बोली, त्याचं आडवळण आणि त्याचं गप्प बसणं समजणारा माणूसच समोर हवा. शिवाय अरबीबरोबर अर्थशास्त्र, इतिहास किंवा दुसरी भाषा जोडीने घेता येते. अरबी अधिक काहीतरी, ही जोडी चांगली.

ठरवण्याआधी

मूल खरंच म्हणत असेल तर युनिव्हर्सिटीच्या ओपन डेला बरोबर जा आणि हे विचारा : आठवड्याला भाषेचे तास किती? बोली शिकवतात का, कुठली? परदेशातलं वर्ष कुठे, आणि तिथली परिस्थिती बिघडली तर पर्याय काय? एक दिलासा : इंग्लंडमध्ये त्या पूर्ण वर्षाची फी इथल्या मुलांना कमाल फीच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. राहण्या-जेवण्याचा आणि विमानाचा खर्च मात्र वेगळा. आणि अर्ज भरण्याआधी मुलाला एखाद्या संध्याकाळच्या वर्गात दहा आठवडे बसवा. 'ऐन' आणि 'काफ' घशातून काढून दमल्यावरही हुरूप टिकला, तर "हे खूळ कुठून आलं?" असं न विचारता त्याच्या पाठीशी उभे राहा.

आणि घरात मराठी चालू ठेवा. अरबीच्या वर्गात किंमत, मुक्काम आणि तालीम भेटतील तेव्हा ते आपले म्हणून ओळखता यायला आधी मराठी यायला हवी.