फोनच्या हिशेबात हरवलेले दोन

इंटरनेटवरून चालणारे फोन आता लहान पेढ्यांत व कारखान्यांतही आले आहेत. हे फोन जोडणारा सर्व्हर सांभाळणारे तरुण आपल्याच मोहल्ल्यांतून तयार होत आहेत. त्यांच्यासाठी आणि त्यांना काम देणाऱ्या मालकांसाठी ही माहिती आम्ही देत आहोत.

आमच्या परिचयाच्या एका घाऊक पेढीत कॉल सुरू झाल्याची नोंद होई, पण संपल्याची होत नसे. कोण किती वेळ बोलले ते कळेना, महिन्याच्या बिलाशी मेळ बसेना. काम पाहणाऱ्या मुलाने दोन दिवस सर्व्हरची स्क्रिप्ट वाचून काढली. दोष सापडला नाही.

हा सर्व्हर कामाइलिओ या मोफत सॉफ्टवेअरवर चालतो. जुन्या ओपनसेरला 2008 साली हे नाव मिळाले. त्यात प्रत्येक संदेशावर खुणा लावता येतात. त्यांना फ्लॅग म्हणतात. शून्यापासून एकतीसपर्यंत असे बत्तीस फ्लॅग असतात. सोबत मिळणाऱ्या नमुना स्क्रिप्टमध्ये क्रमांक 1 म्हणजे 'हिशेबात नोंद करा' आणि क्रमांक 5 म्हणजे 'फोन घरगुती राऊटरच्या आड आहे'.

लॉगमध्ये मात्र या सर्वांची एकच बेरीज दिसते. तराजूच्या वजनांप्रमाणे प्रत्येक फ्लॅगचे वजन आधीच्या दुप्पट: क्रमांक 0 चे 1, क्रमांक 1 चे 2, क्रमांक 2 चे 4, असे करीत क्रमांक 5 चे 32. म्हणून 34 दिसले की 32 आणि 2 असे दोन फ्लॅग लागले आहेत, हे निश्चित समजावे.

शेवटी त्या मुलाने स्क्रिप्टच्या प्रत्येक वळणावर एक्सलॉगची एक ओळ घातली. तीत संदेशाचे नाव, कॉलचा क्रमांक आणि 'डॉलर एमएफ' म्हणजे फ्लॅगांची बेरीज छापली. कॉल सुरू करणाऱ्या इन्व्हाइट संदेशावर 34 आले. कॉल संपवणाऱ्या बाय संदेशावर फक्त 32. हरवलेले 2 म्हणजेच हिशेबाचा फ्लॅग!

कारण साधे होते. इन्व्हाइट आणि बाय हे दोन स्वतंत्र व्यवहार आहेत. पहिल्यावर लावलेली खूण दुसऱ्यावर आपोआप येत नाही, ती पुन्हा लावावी लागते. स्क्रिप्टमध्ये फेरफार करताना नेमकी तीच ओळ गळाली होती.

दोन सूचना. लॉगची पातळी 'इन्फो' ठेवावी व सर्व्हर ती पातळी छापतो याची खात्री करावी, नाहीतर ओळ असूनही काही दिसणार नाही. आणि दोष मिळताच त्या ओळी काढून टाकाव्यात, नाहीतर लॉगची फाइल डिस्क भरून टाकते.

रोजमेळ जुळला नाही की आपण प्रत्येक रकमेवर बोट ठेवून पाहतो. येथेही तेच करावे.