पाचवी आज्ञा

सक्करदऱ्याच्या तळ्यावरून जाताना भोसल्यांची आठवण ज्याला होत नाही असा जुना नागपूरकर विरळा. आणि ज्या राजघराण्याने विसाव्या शतकाच्या आरंभी कामठीच्या ताजुद्दीनबाबांसारख्या मुसलमान अवलियाला सक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात सन्मानाने ठेवून घेतले, त्याच घराण्यातील तिसऱ्या रघूजींच्या अमदानीत, 1845 साली, स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा स्टीफन हिस्लॉप हा तरुण पाद्री मोशेच्या दहा आज्ञा घेऊन या शहरात आला, हे मला नेहमी विचारात पाडते. दुसऱ्याच वर्षी त्याने शाळा काढली. 1883 साली निघालेले महाविद्यालय आजही त्याचेच नाव सांगते.

ख्रिस्ती शास्त्राला मराठी रूप देण्याचे काम मात्र त्याआधीच सुरू झाले होते आणि त्यात नागपूरचा हात होता. बंगालमधील सेरामपूर येथे मिशनरी विल्यम कॅरे यांच्या मराठी कामात साहाय्य करणारे वैजनाथशास्त्री कानफाडे हे नागपूरचे. भोसल्यांची वंशावळीही त्यांच्याच हातून 1816 साली तेथे छापून निघाली. धन्याची वंशावळी आणि परक्यांचे शास्त्र या दोहोंना एकच मोडी लेखणी चालावी, यात त्या काळच्या पंडिताला काही विसंगत वाटले नसावे.

दहा आज्ञांचा उल्लेख सारे ख्रिस्ती एकमुखाने करतात, परंतु त्यांची मोजणी एक नाही. हिस्लॉपच्या परंपरेतील प्रॉटेस्टंट मूर्तिनिषेधाला दुसरी, स्वतंत्र आज्ञा मानतात; कॅथलिक आणि लूथरपंथी तो पहिलीतच अंतर्भूत करतात आणि दहाचा आकडा भरून काढण्यासाठी शेवटच्या लोभाच्या आज्ञेचे दोन भाग करतात. परिणामी आईबापांचा मान राखण्याची आज्ञा एकाला पाचवी, तर दुसऱ्याला चौथी. शब्बाथाच्या आज्ञेची तर आपल्याकडे त्याहून जुनी कैफियत आहे. पाद्री येण्यापूर्वी कित्येक पिढ्या कोकणातील बेने इस्रायली तेल्यांचे घाणे शनिवारी बंद असत, आणि म्हणून शेजारीपाजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. आज्ञा ठाऊक नसताना तिचे पालन पाहणारा महाराष्ट्र असा होता.

मूर्तिनिषेधाने मराठी मन दुखावले असेल, वाद माजले असतील. पण माझ्या मते नवख्रिस्त्याच्या जिवाला खरा घोर लागला तो या पाचव्या आज्ञेने. ज्या शास्त्राने आईबापांचा मान राखावयास सांगितले, त्याच शास्त्राचा अंगीकार करणे हाच आईबापांच्या दृष्टीने सर्वांत मोठा अवमान होता. 1843 साली मुंबईत नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचा अल्पवयीन धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरी गेला, तेव्हा वडिलांना सुप्रीम कोर्टात फिर्याद न्यावी लागली. कोर्टाने मुलगा बापाच्या स्वाधीन केला. परंतु त्याला प्रायश्चित्त देऊन ज्ञातीत घ्यावे, असे म्हणणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांवर सनातनी मंडळींनी जे काहूर उठविले, त्यावरून बाप, न्यायाधीश आणि ज्ञाती यांचे निवाडे किती भिन्न असू शकतात हे दिसून आले. पुढे 1850 च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतरामुळे वारसाहक्क बुडत नाही असे ठरले. वडिलार्जित इस्टेटीचा प्रश्न सरकारने सोडविला. वडिलांचा प्रश्न सोडविणे कोणत्याही सरकारच्या अखत्यारीतले नव्हते. ख्रिस्ती झालेल्या बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र वाचणाऱ्याला हे वेगळे सांगावयास नको.

शास्त्राकडे वळावे तर तेथेही उत्तर सरळ नाही. आपले द्रव्य देवाला वाहिले आहे अशी सबब सांगून आईबापांचे पोषण टाळणाऱ्यांना येशूने मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात कठोर शब्दांत फटकारले आहे. आणि लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात शिष्य होऊ पाहणाऱ्याने आईबापांचा द्वेषही केला पाहिजे, असे तोच येशू म्हणतो. टीकाकार सांगतात की, येथील द्वेष हा इब्री भाषेतील बोलण्याचा प्रकार असून त्याचा आशय केवळ ‘कमी प्रेम’ एवढाच, आणि मत्तयाने तसा उलगडा केलाही आहे. विवरण ग्राह्य आहे. पण मराठीत तो शब्द वाचणाऱ्या मातेच्या कानाला त्याचा काय उपयोग?

तथापि हा पेच आपल्याला सर्वस्वी अपरिचित होता असे म्हणणे बरोबर नाही. आईबापांच्या सेवेत गढलेल्या पुंडलिकाने दारी आलेल्या देवाला वीट देऊन उभे केले, आणि प्रल्हादाने देवासाठी बापाची आज्ञा मोडली. दोघांनाही आम्ही भक्तच म्हटले. मराठी ख्रिस्त्याला शास्त्रातील ती दोन वचने एकाच वेळी जी पेलता आली, ती पुंडलिक आणि प्रल्हाद यांच्या गोष्टी ऐकत तो वाढला होता म्हणून, असे मला वाटते.

या संदर्भात नागपुरातील आणखी एक घटना स्मरते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. आंबेडकरांनी येथे आपल्या अनुयायांना बौद्ध धम्माची दीक्षा देताना बावीस प्रतिज्ञा दिल्या. मोशेच्या आज्ञा द्वितीयपुरुषी आहेत, त्यांत देव मनुष्याला ‘तू’ म्हणून बजावतो. या प्रतिज्ञा प्रथमपुरुषी, मनुष्य स्वतःच स्वतःला बांधून घेतो. धर्म बदलण्याच्या या दोन तऱ्हांतील अंतर केवळ व्याकरणाचे नाही.

कवी नारायण वामन टिळक हेही ख्रिस्ती होण्यापूर्वी काही काळ याच नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने वैदिक वाङ्मयाचे काम करीत होते. पुढे आगगाडीत एका परक्या सहप्रवाशाने दिलेला नवा करार त्यांनी वाचला, आणि हत्या न करण्याच्या आज्ञेचे मूळ क्रोधापर्यंत खणून काढणाऱ्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांना तो घेण्यास आणखी पाच वर्षे लागली, आणि मधल्या विरहाचा व सोवळ्याओवळ्याचा जो वृत्तान्त त्यांनी हसतहसत लिहून ठेवला आहे, त्यापुढे धर्मांतरावरील पुष्कळसे शास्त्रार्थ मला कोरडे वाटतात. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. 1936 साली त्याही निवर्तल्या, तेव्हा त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’चा शेवटचा भाग व्हावयाचा होता, तो त्यांचे चिरंजीव देवदत्त नारायण टिळक यांनी लिहिला.