दप्तर म्हणजे काय?

मराठीच्या तासाला 'दप्तर' हा शब्द आला की उर्दू शाळेतील विद्यार्थी क्षणभर थांबतात. घरच्या भाषेत दफ्तर म्हणजे कचेरी. धड्यातला मुलगा तर दप्तर खांद्याला अडकवून शाळेत निघालेला असतो! कचेरी खांद्यावर कशी घेणार? याचे उत्तर जुन्या फारसीत सापडते. तेथे दफ्तर म्हणजे नोंदवही किंवा कागदपत्रे. उर्दूने ते कागद जेथे ठेवतात त्या जागेला हे नाव दिले, तर मराठीने वह्या-पुस्तके ठेवण्याच्या पिशवीला.

असे शब्द पुष्कळ आहेत. उर्दूत हरकत म्हणजे हालचाल, मराठीत हरकत म्हणजे आक्षेप. 'डबा खाली आहे' असे मराठी बोलणारी आई सांगते, तेव्हा डबा काठोकाठ भरलेला असू शकतो. तो फक्त फळीवर नसून खाली ठेवलेला असतो. अशा शब्दांची यादी करून पाठ केली तर ती परीक्षेपर्यंत टिकते. पण गोष्ट वाचताना शब्दाने आपल्याला एकदा फसवले आणि त्यावर चारजणांत चर्चा झाली, तर तो शब्द सहसा विसरत नाही. म्हणून भाषा शिकण्यासाठी लहान गटात साहित्य वाचावे, असे मला वाटते. आता फोनमुळे असा गट वेगवेगळ्या गावांतील मुलांनाही करता येतो.

समजा, सेनगाव तालुक्यातील गोरेगावची दोन मुले, हिंगोलीच्या उर्दू शाळेतील दोन मुली आणि कळमनुरीची मराठी शाळेत शिकणारी एक मुलगी, असा पाचजणांचा गट झाला. घरच्या मोठ्यांना सांगून, त्यांच्याच फोनवर, रविवारी अर्धा तास भेटायचे. प्रत्येकाने दोनच पाने आधी वाचून ठेवायची. गाइड उघडायचे नाही. वाचायला काय घ्यावे ही अडचण फार मोठी नाही. बालभारतीचे 'किशोर' मासिक 1971 साली सुरू झाले. त्याचे जुने अंक आज इंटरनेटवर मोफत वाचता येतात.

किंवा साने गुरुजींची 'श्यामची आई' घ्यावी. गुरुजींनी हे पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. श्याम रोज रात्री आश्रमातील मित्रांना आपल्या आईची एक आठवण सांगतो, म्हणून त्यातील प्रकरणांना 'रात्र' म्हटले आहे. म्हणजे हे पुस्तकच मुळी एका लहान गटात सांगितलेले आहे.

त्यात 'मुकी फुले' नावाची आठवण आहे. दुसऱ्या मुलांच्या आधी फुले आपल्याला मिळावीत म्हणून श्याम संध्याकाळीच कळ्या तोडून आणतो, आणि आई त्याला समजावते. आता गटात पहिला प्रश्न येईल, तो 'मुकी' या शब्दाचा. मुका म्हणजे ज्याला बोलता येत नाही तो, उर्दूत गूँगा. एवढे फोनमधला कोशही सांगेल. पण कळ्यांना मुकी का म्हटले? एक मुलगी म्हणेल, "कळीचे तोंड मिटलेले असते म्हणून." गोरेगावचा मुलगा म्हणेल, "नाही, तिला तोडले तरी ती तक्रार करत नाही म्हणून." येथे दुसरा अडखळतो, कारण उर्दूत तकरार म्हणजे भांडण. कळी कोणाशी भांडणार? मग कळमनुरीची मुलगी सांगते की मराठीत तक्रार म्हणजे गाऱ्हाणे. शेजाऱ्याने त्रास दिला तर आपण सरांकडे करतो ती. दोघांपैकी बरोबर कोण, हे ठरले नाही तरी चालते. आपले म्हणणे पटवून देण्यासाठी दोघांनाही मराठीत चार-चार वाक्ये बोलावी लागली, हे महत्त्वाचे.

वर्गात पन्नास मुले असतात. त्यांत मागच्या बाकावर बसून वर्षभर एकही मराठी वाक्य न बोलता राहता येते. पाचजणांत तसे लपता येत नाही. अनेक उर्दू विद्यार्थ्यांना मराठी वाचता येते, पेपरही बरा जातो. पण तहसील कार्यालयात किंवा दवाखान्यात कोणी मराठीत विचारले की ते हिंदीत उत्तर देतात. चूक होईल, लोक हसतील, ही भीती असते. चुका तर होणारच. उर्दूत दोनच लिंगे आहेत, मराठीत तीन. 'मेरी किताब' म्हणण्याची सवय असलेला मुलगा 'माझी पुस्तक' म्हणून जातो. मराठीत ते 'माझे पुस्तक' असते. 'ळ' हा उच्चारही लवकर जमत नाही. अशा वेळी फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवण्याची सोय फार कामाची आहे. आपले वाक्य आपणच ऐकावे, आवडले नाही तर पुसून पुन्हा म्हणावे, आणि मग पाठवावे. नेटवर्क गेले तरी निरोप नंतर पोहोचतो.

शब्दाचे मूळ शोधायचे असेल तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश पाहावा. त्याची पहिली आवृत्ती 1831 साली आणि दुसरी 1857 साली निघाली. शिकागो विद्यापीठाने तो इंटरनेटवर ठेवला आहे. शब्द अरबी किंवा फारसी असेल तर तेथे तशी खूण असते. अशा खुणा किती आहेत हे पाहून तुम्हांला आश्चर्य वाटेल.

आपल्या भागात ही देवघेव नवी नाही. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. तेव्हा मराठी घरांतली मुले उर्दू शिकत. म्हणजे तुमच्या नेमके उलट. त्याच राज्यात अधिकारी असलेल्या सेतुमाधवराव पगडी यांनी पुढे मराठी वाचकांसाठी गालिबच्या गझलांवर पुस्तक लिहिले. दुसऱ्या बाजूने पाहा. मराठवाडा विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक असलेले डॉ. यू. म. पठाण संतसाहित्याचे मोठे अभ्यासक होते. 1990 साली पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

म्हणून आपल्या गटातही कधी कधी पाळी उलटी करावी. एखादी छोटी उर्दू गोष्ट देवनागरीत लिहून घ्यावी आणि कळमनुरीच्या मुलीला वाचायला द्यावी. ख़ आणि ग़ म्हणताना आता ती अडखळेल. गोष्टीत 'वालिद को तालीम का बहुत शौक था' असे वाक्य आले, तर ती विचारील, "म्हणजे वडील पहिलवान होते का?" मराठीत तालीम म्हणजे कुस्ती शिकण्याची जागा, हे तेव्हा तुमच्या लक्षात येईल. मग उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण, हे तिला तुम्ही समजावून सांगायचे. अर्थात मराठीत.