भूगाव की मूगाव?

जुलैची झड खिडकीतून आत आली आणि अण्णांच्या लॅपटॉपवर चार-पाच थेंब पडले. आमचं घर मुळशी धरणाच्या काठावर. ताम्हिणीकडून वारा फिरला की खिडकी ओढून घेईपर्यंत टेबल भिजलेलंच असतं. फडकं घेऊन पुसायला वाकलो आणि तसाच थबकलो. स्क्रीनवर पांढरं पान उघडं होतं, पण थेंबाच्या पोटात पांढरं काही नव्हतं. तिथे लाल, हिरव्या, निळ्या पट्ट्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या, मागावर ताणलेल्या सुतासारख्या.

फुगीर थेंब म्हणजे फुकटचं भिंग. एरवी जे दिसत नाही ते त्याने मोठं करून दाखवलं, एवढंच. स्क्रीनवर पांढरा रंग कुठेच नसतो. तीन रंगांच्या पट्ट्या इतक्या जवळ पेटलेल्या असतात की डोळा त्यांची बेरीज करून ‘पांढरं’ म्हणतो. अशा तीन पट्ट्या मिळून एक ठिपका, म्हणजे पिक्सेल. अण्णांचा लॅपटॉप जुना, १५.६ इंची. आडव्या रांगेत १३६६ ठिपके, उभ्या रांगेत ७६८. गुणाकार केला तर १०,४९,०८८ ठिपके आणि जवळजवळ साडेएकतीस लाख पट्ट्या. एवढ्या सगळ्या मिळून अण्णांना सातबारा दाखवत होत्या.

‘‘पुसून झालं असेल तर सरक,’’ अण्णा म्हणाले. मग नाक स्क्रीनला लागेल इतके पुढे झुकले. ‘‘हे मूगाव कुठं आलं रे?’’

‘‘अण्णा, भूगाव आहे ते.’’

‘‘मग तसं दिसत का नाही?’’

आता अण्णांना भूगाव माहीत नाही असं नाही. त्यांची निम्मी नोकरी पौड रोडवर एसटीत उभं राहण्यात गेली. चष्माही नवाच होता, गेल्या महिन्यात नंबर काढलेला. तेव्हा दोष डोळ्यांचा नव्हता आणि स्मरणशक्तीचा तर मुळीच नव्हता. भ आणि म यांच्यात फरक तो किती? डाव्या खांद्यावरची एक गाठ आणि तिथेच तुटलेली शिरोरेखा. ध आणि घ यांचंही तसंच. मी भिंग आणून मोजलं. त्या आकाराच्या अक्षरात शिरोरेखेपासून पायापर्यंत जेमतेम नऊ-दहा ठिपके होते आणि गाठीच्या वाट्याला आले होते दोन. दोन ठिपक्यांत गाठ कशी बांधणार? तिथे एक राखाडी डाग पडला होता. त्याला भ म्हणा नाहीतर म म्हणा.

आणि आमच्या तालुक्यातली गावं तरी बघा, भूगाव, भुकूम, भरे, घोटवडे, माण. डोळ्यांच्या दवाखान्यातला तक्ता मुळशीत लिहिला असता तर हीच नावं घेतली असती. मूगाव, मुकूम, मरे, धोटवडे, भाण असं कुणी वाचलं, तर एक तर माणूस पुण्याबाहेरचा किंवा स्क्रीन खराब.

मग ठिपका किती लहान असला म्हणजे डोळ्याला तो दिसेनासा होतो? याचं उत्तर आपल्याकडे लग्नात देतात, फक्त कुणाच्या लक्षात येत नाही. सप्तपदी झाली की नवऱ्या मुलीला सप्तर्षींमधल्या वसिष्ठाशेजारची अरुंधती दाखवतात. हे दोन तारे आकाशात एकमेकांपासून सुमारे १२ कला दूर दिसतात. एका अंशाचे साठ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक कला. पूर्ण चंद्राची रुंदी साधारण ३० कला, यावरून अंदाज यावा. चांगला डोळा याहूनही बारीक पाहू शकतो, एका कलेपर्यंत. डच नेत्रवैद्य हेर्मान स्नेलेन यांनी १८६२ मध्ये आपला तक्ता याच मापावर बेतला. दवाखान्यात आपण जी ६/६ ची ओळ वाचतो, तिच्यातल्या अक्षराची प्रत्येक रेघ सहा मीटरवरून बरोब्बर एक कला जाडीची दिसते.

ही एका कलेची मर्यादा येते कुठून? डोळ्याच्या पडद्यातही ठिपकेच आहेत! पडद्याच्या मधोमध, जिथे नजर सर्वांत तीक्ष्ण असते तिथे, शंकूच्या आकाराच्या पेशी दाटीवाटीने बसलेल्या असतात. दोन शेजारणींमधलं अंतर साधारण अडीच मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा चारशेवा भाग. दोन वस्तू वेगळ्या दिसायच्या तर दोन उजळ पेशींमध्ये एखादी तरी अंधारी पेशी हवी. तिथेच एक कला भरते. अरुंधती आणि वसिष्ठ यांची चित्रं आपल्या डोळ्यात एका केसाच्या जाडीएवढ्या अंतरावर पडतात. मांडवातून बाहेर येऊन, भटजींच्या बोटाच्या रोखाने नवरी पाहते ते हे एवढंसं अंतर.

आता तेच दोन तारे लॅपटॉपवर उतरवू. डोळ्यापासून अर्ध्या मीटरवर, म्हणजे हातभराहून थोडं लांब, बारा कलांचं अंतर होतं पावणेदोन मिलिमीटर. अण्णांच्या जुन्या स्क्रीनचा एकेक ठिपका पाव मिलिमीटरचा. म्हणजे अरुंधती आणि वसिष्ठ यांच्या मधल्या फटीत त्याचे सातच ठिपके मावतात. मावायला हवेत बारा. बारा मावले की प्रत्येक ठिपका एका कलेत येतो आणि डोळ्याला दिसेनासा होतो. ठिपके सातच मावत असतील तर ते दिसतात. ते दिसतात हे आपल्याला कळत नाही, फक्त ‘अक्षर जरा खरखरीत आहे’ असं वाटत राहतं आणि माणूस पुढे झुकतो.

दुकानात मग याच मापाने बघायचं. चौदा इंची स्क्रीनवर १९२० गुणिले १०८० ठिपके असतील, तर फटीत अकरा मावतात, म्हणजे जवळजवळ काम झालंच. लॅपटॉप आणखी बोटभर मागे सारला की बाराही होतात. त्याच आकारात २५६० गुणिले १६०० असेल तर पंधरा मावतात. १५.६ इंचीत फोर-के घेतला, म्हणजे ३८४० गुणिले २१६०, तर एकोणीस होतात. मोबाईल आपण आणखी जवळ धरतो, तरी त्याचे ठिपके इतके बारीक असतात की फटीत सतरा बसावेत. म्हणूनच मोबाईलवरचं मराठी देखणं आणि लॅपटॉपवरचं तेच मराठी ओबडधोबड दिसतं.

बाराच्या पुढे सगळा पैसा वाया, असं मात्र नाही. तिरकी रेघ ठिपक्यांनी काढली की तिला पायऱ्या पडतात. त्या पायऱ्या ओळखण्यात आपली नजर एका कलेपेक्षाही पुष्कळ बारीक आहे, का कुणास ठाऊक इतकी. त्यामुळे पंधरा मावणारी स्क्रीन अकरावालीपेक्षा खरंच शांत दिसते. एकोणीसवाली पंधरावालीपेक्षा शांत दिसते की नाही, हे मला तरी नजरेने सांगता आलं नाही. बॅटरी मात्र ती जास्त खाते. धरणाचं पाणी डोंगराच्या पोटातून कोकणात भिऱ्याला उतरतं आणि १९२७ पासून तिथे वीज करतंय. काठावर मात्र पावसाळ्यात आम्ही मेणबत्त्या हाताशी ठेवतो. तेव्हा बॅटरीचा विचार आधी.

आमच्या लिपीला जास्त ठिपके लागतात, हा मुद्दा कुणी जाहिरातीत सांगत नाही. रोमन अक्षरं एका पट्टीत बसतात, थोडी वर डोकं काढतात, थोडी खाली पाय सोडतात. देवनागरीत वर वेलांटी, रफार, मात्रा, अनुस्वार, मध्ये शिरोरेखा, खाली उकार, आणि ‘राष्ट्र’ किंवा ‘बुद्धी’ आलं की एका अक्षराच्या पोटात दुसरं. सगळी गर्दी उभ्या दिशेने. आणि गंमत अशी, की स्क्रीनवरची अक्षरं गुळगुळीत करण्याची जी प्रसिद्ध युक्ती आहे ती नेमकी आडव्या दिशेने चालते. थेंबात दिसलेल्या त्या तीन पट्ट्या आठवा. मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये जाहीर केलेलं क्लिअरटाइप पूर्ण ठिपका पेटवण्याऐवजी त्यातली एखादीच पट्टी पेटवतं, म्हणजे ठिपक्याचे उभे तीन काप करतं. काना त्यामुळे सरळ दिसतो, रोमन एल झकास दिसतो. शिरोरेखेच्या जाडीला किंवा वेलांटीच्या कमानीला त्याचा उपयोग नाही, कारण तिथे काप आडवे हवे होते.

या अडचणीत ज्यांनी मराठी बसवली त्यांना माझा दंडवत. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक उभी राहिली आणि जिस्ट कार्डामुळे साध्या संगणकावर भारतीय लिप्या उमटू लागल्या. पुढे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी काढलेला ‘मंगल’ हा फाँट विंडोज २००० बरोबर घरोघर पोहोचला. ज्यांचा हात बोरूच्या जाड-बारीक वळणाचा, त्यांनी नऊ-दहा ठिपक्यांच्या चौकटीत भ ची गाठ कुठे मारायची हे ठरवलं, ही कल्पनाच मला थरारून सोडते. मंगलला नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी एकदा चौकटीच्या वहीत दहा चौकोनांत भ काढून बघावा.

तर अण्णांना नवा लॅपटॉप आणला, चौदा इंची, पंधरा ठिपक्यांचा. उघडला आणि अण्णा म्हणाले, ‘‘मुंग्या सोडल्यात काय रे यात?’’ खरं होतं. ठिपके बारीक झाले, त्यामुळे तेवढ्याच ठिपक्यांचं अक्षरही बारीक झालं. मग मी जे केलं ते कबूल करतो. मी हिंजवडीत नोकरीला आहे. तेही मुळशी तालुक्यातच, पण तिथून काठावर राहायला आल्यावर अक्कलही तिथेच राहिली असावी. सेटिंग्जमध्ये जाऊन मी रिझोल्यूशनच खाली आणलं, १६८० गुणिले १०५० वर. अक्षरं मोठी झाली आणि दुधात साय कालवावी तशी गढुळली.

चूक साधी होती. काचेवरचे ठिपके कारखान्यात मोजून बसवलेले असतात, ते काही सेटिंग बदलून कमी होत नाहीत. २५६० ठिपक्यांच्या जागेत १६८० ठिपक्यांचं चित्र ताणलं की एका ठिपक्याच्या वाट्याला दीड ठिपका येतो. अर्धा ठिपका पेटवता येत नाही, म्हणून तो शेजाऱ्यात मिसळायचा, आणि प्रत्येक काठाला राखाडी झालर लागायची. डोळा ती झालर पुसायला बघतो आणि ती पुसली जात नाही.

करायचं होतं ते वेगळंच. रिझोल्यूशनच्या यादीत ज्याच्यापुढे ‘शिफारस केलेले’ असं लिहिलेलं असतं, ते तसंच ठेवायचं आणि त्याच्या वरचं ‘स्केल’ वाढवायचं. फाँटमधलं अक्षर ठिपक्यांचं नसतंच मुळी, ते वळणांचं गणित असतं. स्केल २०० टक्के केलं की संगणक तेच वळण दुप्पट उंचीत नव्याने काढतो. जिथे दहा ठिपके होते तिथे वीस येतात आणि गाठीला दोनाच्या जागी चार मिळतात. चार ठिपक्यांत गाठ नीट बसते, मध्ये पांढरी फटसुद्धा दिसते. अण्णांना २०० मानवलं. मी १७५ वर काम करतो, कारण मला एकाशेजारी एक अशी दोन पानं लागतात. यात बरोबर-चूक काही नाही. पाठ खुर्चीला टेकवून वाचता आलं पाहिजे, एवढंच बघायचं.

तरीही संध्याकाळी डोळे चुरचुरतातच, अण्णांचेही आणि माझेही. त्याला ठिपके जबाबदार नाहीत. त्सुबोता आणि नाकामोरी या जपानी संशोधकांनी १९९३ मध्ये पापण्यांची उघडझाप मोजली होती. निवांत बसलेला माणूस मिनिटाला सरासरी २२ वेळा पापणी लववतो, पुस्तक वाचताना १० वेळा आणि संगणकापुढे ७ वेळा. डोळा उघडाच राहतो आणि सुकतो. शिवाय जवळचं पाहताना भिंगाभोवतीचा स्नायू आवळून धरलेला असतो. सहा मीटरच्या पलीकडे नजर गेली की तो बहुतांशी सैल पडतो. आमच्याकडे पलीकडच्या काठाचा डोंगर आहे, तो दिसत असेल तेव्हा. जुलैत धुकं असतं, मग अण्णा पागोळ्यांकडे बघत बसतात आणि म्हणतात, स्नायूला काय कळतंय.

दिवाळीच्या आधी धाकटीला लॅपटॉप घ्यायचा होता म्हणून कोथरूडला गेलो. पेनड्राइव्हवर एकच फाइल होती. दुकानदाराला म्हटलं, प्रत्येक लॅपटॉपवर ही उघडा, मी हातभर लांब उभा राहून बघतो. बारीक टायपात गावांची यादी होती, भूगाव, भुकूम, भरे, घोटवडे, माण. तिसऱ्या लॅपटॉपवर सगळ्या गाठी सुटसुटीत दिसल्या आणि मी मान हलवली. दुकानदाराने एकदा यादीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि आवाज खाली आणून म्हणाला, ‘‘साहेब, प्लॉट बघताय का? घोटवड्यात आपला एक माणूस आहे.’’